पिधानाची वेळ: स्टॉपवॉच की कॅमेरा?

चंद्राची अंधारी कड ताऱ्यापाशी पोचते आणि तारा विझतो. हळूहळू नाही, एकदम. पहिल्यांदा बघणारा हमखास दचकतो आणि त्या दचकण्यात वेळ नोंदवायची राहून जाते. अशी दोन-चार पिधानं (चंद्र किंवा लघुग्रह पुढे येऊन तारा झाकला जाणं) हातची गेली की प्रश्न पडतो: डोळा आणि स्टॉपवॉचवर भागवायचं, की कॅमेऱ्यात पैसे घालायचे? माझ्या मते ताऱ्याला झाकणारा कोण, यावर ते ठरवावं.

झाकणारा चंद्र असेल तर स्टॉपवॉच पुरतं. तारा गेल्यापासून बोट दाबलं जाईपर्यंत ०.२ ते ०.५ सेकंद जातात. सरावाने हा उशीर थोडा घटतो, आणि मुख्य म्हणजे दर वेळी जवळपास सारखा राहतो, त्यामुळे वजा करता येतो. चंद्राची कड ताऱ्यांपुढून सेकंदाला साधारण अर्धा ते एक किलोमीटर सरकते, म्हणजे ०.३ सेकंद चुकलात तर दीडशे ते तीनशे मीटरचा फरक. एके काळी अशा नोंदींवरून चंद्राच्या कडेवरचे डोंगर-दऱ्या मोजत. आता चंद्राभोवती फिरणाऱ्या ‘लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर’ या यानाच्या लेझरने ते काम कितीतरी बारकाईने केलंय, तेव्हा स्टॉपवॉचच्या आकड्याला पूर्वीचा भाव नाही, हे मान्य करून टाकावं. मजा तेवढीच आहे. फक्त जोडतारा असेल तर कॅमेरा सरस: प्रकाश दोन पायऱ्यांत उतरतो, आणि ती मधली पायरी आलेखावर मोजता येते. डोळ्याला नुसता संशय येतो.

लघुग्रहाची गोष्ट वेगळी. त्याची सावली पृथ्वीवरून पट्ट्यासारखी धावते आणि पट्टा साधारण लघुग्रहाएवढाच रुंद. समजा लघुग्रह ४० किलोमीटरचा आणि सावलीचा वेग सेकंदाला १५ किलोमीटर. अगदी मधोमध उभे असलात तरी तारा पावणेतीन सेकंद गायब, बस्स. इथे ०.३ सेकंदाची चूक म्हणजे साडेचार किलोमीटर. सेकंदाला २५ फ्रेम घेणाऱ्या कॅमेऱ्याची एक फ्रेम ०.०४ सेकंदाची, म्हणजे ६०० मीटर. वर तारा बहुधा दहाव्या-अकराव्या प्रतीचा, म्हणजे फार मंद; त्याच्याकडे डोळे वटारून पाच मिनिटं बसा, तो मधूनमधून आपोआपच नाहीसा वाटायला लागतो. ‘तारा झाकला गेला नाही’ ही नोंदही लघुग्रहाची कड ठरवायला मोलाची असते, पण डोळ्याने घेतलेली अशी नोंद मी स्वतःचीसुद्धा मानत नाही. पापणी लवली असेल तर?

यंत्राच्या नोंदीचा आणखी एक गुण म्हणजे ती नंतर पुन्हा वाचता येते. १० मार्च १९७७ ला युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेत भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांच्या नोंदीत ग्रहाच्या पिधानाशी न जुळणारी, प्रकाशाची एक उतरण सापडली. त्यांना तो युरेनसचा नवा उपग्रह वाटला. ठिकठिकाणच्या नोंदी शेजारी ठेवल्यावर कळलं की युरेनसभोवती कडी आहेत.

म्हणून लगेच कॅमेरा मागवू नका. चित्र किती सुंदर आलं याला इथे फारसं महत्त्व नाही, प्रत्येक फ्रेमवर खरी वेळ हवी. वांगणीला एका थंड रात्री मी तारा जाताना आणि परत येताना छान टिपला. दव पुसत पुसत, लॅपटॉप गोधडीत गुंडाळून. घरी आल्यावर कळलं की लॅपटॉपचं घड्याळ मी इंटरनेटवरून जुळवलंच नव्हतं. किती मागे-पुढे होतं कुणास ठाऊक. नोंद गेली कचऱ्यात. जीपीएस अंगातच असलेला कॅमेरा किंवा व्हिडिओवर जीपीएसची वेळ छापणारी डबी घेतली की ही कटकट मिटते, पण खिसाही हलका होतो. मधला मार्ग म्हणजे ग्रहांचे फोटो काढायचा साधा कॅमेरा आणि वेळेच्या सर्व्हरशी सतत जुळत राहणारा लॅपटॉप. पण यूएसबीतून चित्र पोचायला लागणारा उशीर मोजून ठेवावा लागतो, आणि सेन्सर ओळीओळीने वाचला जात असेल तर तारा फ्रेमच्या वर आहे की खाली, यानेही वेळ किंचित बदलते.

स्टॉपवॉचवाल्यांनाही घड्याळाच्या कटकटीतून सुटका नाही. रेडिओचे ठोके मोबाइल अ‍ॅपवर ऐकून वेळ जुळवू नका, ते काही सेकंद उशिराच येतात. जीपीएसची वेळ दाखवणारं अ‍ॅप घ्या. त्याहून सोपं म्हणजे फोनवर रेकॉर्डिंग लावा, शेजारच्याला अ‍ॅपमधले सेकंद मोठ्याने वाचायला सांगा आणि तारा जाताच ‘गेला!’ म्हणून ओरडा. शेजारच्याचाही थोडा उशीर त्यात मिसळतो, तरी नवख्याला चालतं.

आठ इंची दुर्बीण आहे आणि लघुग्रहच करायचे आहेत, तर सरळ जीपीएसवाल्या कॅमेऱ्यासाठी पैसे जमवा. मधल्या खरेद्या पुढे अडगळ होतात. बाकीच्यांनी सध्या खिशात हात घालू नये. चंद्र या काही वर्षांत कृत्तिकेच्या पुंजक्यावरून जातोय, ही पाळी २०२९ पर्यंत आहे. आपल्या गावाहून दिसणारी आणि शुक्ल पक्षातली रात्र निवडा: तेव्हा अंधारी कड पुढे असते आणि तारे तिच्याआड जातात. तासा-दीड तासात एकामागून एक तारे जातात, त्यामुळे पहिल्याला दचकलात तरी पुढचे हाती लागतात.