हाताने चालवायचा मिल्क फ्रॉदर : दट्ट्यापेक्षा दुधाची परीक्षा

काचेचे किंवा स्टीलचे उभट भांडे, त्यावर बसणारे झाकण, झाकणातून खाली उतरणारी दांडी आणि दांडीच्या टोकाला बारीक जाळीची एक किंवा दोन चकत्या, एवढ्यात हाताने चालवायच्या मिल्क फ्रॉदरची यंत्रणा संपते. त्याला वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही आणि त्यात बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. मी वापरत असलेला फ्रॉदर काचेचा आणि दुहेरी जाळीचा आहे. कॉफीवर घालण्यापुरता दाट, गरम फेस घरच्या घरी मिळावा या एकाच अपेक्षेने तो घेतला होता आणि ती अपेक्षा त्याने पूर्ण केली आहे. मात्र यश-अपयशाचा मोठा वाटा उपकरणापेक्षा दुधाकडे आणि दुधाच्या तापमानाकडे जातो, हे खरेदीपूर्वी समजून घेतलेले बरे.

दांडी आणि चकत्या मिळून झालेला दट्ट्या वर ओढला की जाळी दुधाच्या पृष्ठभागाबाहेर येते आणि खाली दाबला की हवा सोबत घेऊन आत शिरते. जाळीच्या छिद्रांतून जाताना त्या हवेचे तुकडे होतात आणि मोठे बुडबुडे लहान होत जातात. बुडबुड्यांभोवतीचे कवच दुधातील प्रथिनांचे असते. दुधातील प्रथिनांपैकी सुमारे 80 टक्के केसीन आणि उरलेली निवळीतील, म्हणजे व्हे प्रथिने असतात. ही प्रथिने हवा आणि पाणी यांच्या सीमेवर पसरून बुडबुड्याला धरून ठेवतात. मनगटात कितीही जोर असला तरी दुधात प्रथिने पुरेशी नसतील, तर फेस वर येतो आणि लगेच बसतो.

तापमानाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे, कारण हे उपकरण दूध तापवत नाही. वाफेच्या नळीवर चालणाऱ्या कॉफी यंत्रात दूध तापणे आणि फेसाळणे एकाच वेळी घडते; येथे तापवण्याचे काम आधी, बहुधा वेगळ्या भांड्यात, उरकावे लागते. 60 ते 65 अंश सेल्सिअस ही मला सर्वांत सोयीची पातळी वाटते. 70 अंशांच्या पुढे व्हे प्रथिनांची घडण वेगाने बदलू लागते आणि दुधाला शिजल्यासारखा वास येतो. उकळलेल्या दुधावर साय धरते आणि तिचे तुकडे जाळीत अडकतात, त्यामुळे उकळलेले दूध वापरायचेच असेल तर ते थोडे निवू देऊन आणि गाळूनच भांड्यात ओतावे. तापमापक नसल्यास कडेला बारीक बुडबुडे दिसू लागले आणि वाफ स्पष्ट उठू लागली की आच बंद करावी.

सर्वांत वाईट निकाल कोमट दुधाचा लागतो, आणि नव्या वापरकर्त्यांची निराशा बहुधा येथेच होते. साधारण 20 ते 35 अंशांच्या दरम्यान दुधातील स्निग्धांश अर्धा घट्ट आणि अर्धा द्रव असतो. अशा अवस्थेतील स्निग्धकण बुडबुड्यांच्या पातळ कवचाला इजा करतात आणि फेस टिकत नाही. स्निग्धांश 40 अंशांच्या आसपास पूर्ण वितळला की हा अडथळा दूर होतो. फ्रिजमधून नुकतेच काढलेले थंड दूधही चांगले फेसाळते, म्हणून थंड कॉफीसाठी तापवण्याचा खटाटोप करण्याची गरज नाही. गरम किंवा थंड, दोन्ही चालतात. मधले चालत नाही.

प्रत्यक्ष कृतीत दूध भांड्याच्या एक तृतीयांशापर्यंतच घ्यावे, कारण फेसाळल्यावर त्याचे आकारमान जवळपास दुप्पट होते आणि झाकणाखालून दूध बाहेर यायला वेळ लागत नाही. काचेचे भांडे आधी गरम पाण्याने विसळून घ्यावे, नाहीतर थंड काच दुधातील काही अंश उष्णता ओढून घेते. एका हाताने झाकण दाबून धरावे. सुरुवातीला दट्ट्या पृष्ठभागाच्या आसपास, लहान आणि जलद हालचालींनी चालवावा, म्हणजे हवा आत जाते. फेस हवा तेवढा वर आला की दट्ट्या पूर्णपणे दुधात बुडवून खाली-वर करावा, म्हणजे नवी हवा न घेता मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. हा दुसरा टप्पा बरेच जण गाळतात आणि मग फेस साबणाच्या पाण्यासारखा दिसतो अशी तक्रार करतात. शेवटी भांडे टेबलावर हलकेच आपटून गोल फिरवावे आणि फेस व दूध वेगळे होण्याआधीच ओतावे. एका मिनिटाच्या आत काम आटोपते आणि हातही फारसा दुखत नाही, मात्र मनगटाचा त्रास असणाऱ्यांनी ही हालचाल आधी करून पाहावी.

कमी स्निग्धांशाच्या दुधाचा फेस उंच आणि ताठ येतो, पण चवीला कोरडा लागतो. पूर्ण स्निग्धांशाच्या दुधाचा फेस कमी उंच असला तरी मऊ आणि तोंडात रेंगाळणारा असतो, आणि माझी पसंती निःसंशय त्यालाच आहे. शिळ्या होत आलेल्या दुधात स्निग्धांशाचे विघटन होऊन सुटी मेदाम्ले तयार होतात आणि ती फेस मारतात. कालपर्यंत उत्तम फेसाळणारे दूध आज रुसले तर पहिला संशय यावर घ्यावा. वनस्पतीजन्य पर्यायांमध्ये सोयाचे दूध प्रथिनांमुळे बरे ठरते. साधे बदामाचे दूध जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि ओटचे दूध घ्यायचे असल्यास कॉफीसाठी म्हणून खास बनवलेले, तेल आणि आम्लता नियंत्रित करणारे क्षार घातलेलेच घ्यावे.

बॅटरीवर फिरणाऱ्या छोट्या रवीशी तुलना केली, तर एका कपापुरती ती अधिक सुटसुटीत आहे. थेट कपात बुडवता येते आणि धुवायलाही सोपी. पण तिचे बुडबुडे मोठे राहतात, दूध बाहेर उडते आणि दोन-तीन कपांसाठी ती अपुरी पडते. फेसाच्या दाटपणात दट्ट्याचा फ्रॉदर तिच्या बराच पुढे आहे. वाफेच्या नळीतून मिळणारा, ओल्या रंगासारखा चकचकीत, ओतता ओतता नक्षी काढता येईल असा सूक्ष्म फेस मात्र त्याच्याकडून नियमितपणे अपेक्षू नये. दट्ट्या कमी वेळा चालवून पातळ फेस केला तर त्याच्या जवळपास जाता येते, इतकेच. घरात फ्रेंच प्रेस, म्हणजे जाळीच्या दट्ट्याने कॉफी गाळण्याचे भांडे, असेल तर वेगळा फ्रॉदर घेण्याची घाई करू नये, कारण तिची रचना जवळपास तीच आहे. फक्त कॉफीच्या तेलाचा वास दुधाला लागू नये म्हणून ती काटेकोरपणे धुतलेली हवी.

धुणे हीच या वस्तूची खरी किंमत आहे. काम झाल्याबरोबर भांडे आणि दट्ट्या आधी थंड पाण्याने विसळावेत आणि मगच कोमट पाणी व साबण वापरावा, कारण जाळीत राहिलेले दूध कडक गरम पाण्याने अधिकच चिकटते. त्यानंतर चकत्यांचा स्क्रू सोडवून त्या वेगळ्या कराव्यात आणि मऊ ब्रशने घासाव्यात. दोन जाळ्यांच्या मध्ये साचलेला थर बाहेरून दिसत नाही, पण त्याचा आंबूस वास पुढच्या कपात नक्की येतो. ज्या फ्रॉदरच्या चकत्या सुट्या करता येत नाहीत तो कितीही देखणा असला तरी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भांड्याच्या निवडीत मी काचेच्या बाजूने आहे, कारण फेस किती वर आला आणि खाली दूध किती उरले हे दिसत राहते. काच बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी, असावी, आणि तरीही ती थेट आचेवर ठेवू नये. मायक्रोवेव्हमध्ये दूध तापवायचे असेल तर धातूची दांडी आणि जाळी बाहेर काढून, तसेच उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच ठेवावे. स्टीलचे भांडे पडले तरी फुटत नाही, पण आत काय चालले आहे ते अंदाजानेच ओळखावे लागते. खरेदी करताना जाळीच्या कडेचे वेटोळे भांड्याच्या भिंतीला सर्व बाजूंनी टेकते का, हे हाताने फिरवून पाहावे. तेथे फट असेल तर दूध जाळीतून जाण्याऐवजी कडेने निसटते. वापराने हेच वेटोळे सर्वांत आधी सैल होते, म्हणून सुटी जाळी वेगळी विकत मिळते का याची चौकशी खरेदीच्या वेळीच करावी.