४८,८०० गेले, आणि बिघडलं काय होतं तर पाणी भरलेला फ्लोट

लिहू की नको असं चार दिवस चाललं होतं, कारण लाज वाटते. पण काल त्या माणसाचा नंबर परत फिरवला आणि जे ऐकलं (शेवटी सांगते) त्यानंतर गप्प बसवेना.

घरामागे ८ बाय ४ मीटरचा छोटा पूल आहे, त्याला ऑटो फिलर आहे, म्हणजे पाणी कमी झालं की आपोआप भरून बंद होणारं. ते बंदच होईना. पूल काठोकाठ, ओव्हरफ्लोच्या पाइपातून पाणी वाया चाललंय, मीटर रात्रंदिवस फिरतोय आणि क्लोरीन कितीही टाका, टिकत नाही. टिकणार कसं, सतत नवीन पाणी आत येतंय ना. नवरा बाहेरगावी होता, मी घाबरले आणि शोधून एकाला बोलावलं.

आला. गळ्यात हेडफोन, हातात मशीन, एकदम डॉक्टरच. पूलभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलाय. आणि खाली लीकेज पण आहे."

बोर्ड!

इथेच. इथेच मला कळायला हवं होतं, आणि हे आठवून मी रोज रात्री स्वतःलाच शिव्या घालते. आमच्या फिलरला बोर्ड नाहीच. डेकमध्ये, म्हणजे पूलभोवतीच्या फरशीत, स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणारं तोंड असतं ते) झाकणापेक्षा लहान गोल झाकण आहे, त्याखाली डबा, डब्यात फ्लोट आणि व्हॉल्व्ह, फ्लशच्या टाकीत असतं अगदी तसं. खालून एक पाइप पूलला जोडलेला, म्हणून डब्यातली लेव्हल आणि पूलची लेव्हल एकच. वायर नाही, लाइट नाही, काही नाही. सेन्सरवाले फिलर असतात, त्यांना बोर्ड असतो, मान्य. पण या डब्यातला पालापाचोळा मी स्वतः हाताने काढलेला आहे हो, फ्लोट डोळ्यांनी बघितलेला आहे! आणि या माणसाने ते झाकण उघडलंसुद्धा नाही. उलट मलाच विचारतो, "कुठल्या कंपनीचं आहे?" नाव झाकणाच्या आतल्या बाजूला असतं, नाहीतर व्हॉल्व्हवर. ज्याला ते उघडून बघावंसं वाटत नाही त्याला गेटवरूनच परत पाठवा.

मी एकदा म्हणलं पण, अहो याला वायर दिसत नाही कुठे. तर म्हणे, "मॅडम, ती आतून असते, तुम्हाला नाही कळणार." आणि मी गप्प बसले. समोरचा इतक्या खात्रीने बोलतो, मीटर तिकडे फिरतोय, तुम्ही असतात तर काय केलं असतंत?

हिशोब देते. व्हिजिट १,५००. "लीक डिटेक्शन" १२,००० (हेडफोन लावून दहा मिनिटं टाइलवर वाकला, बस). कंट्रोलर २८,५००. वायरिंग आणि फिटिंग ६,८००. एकूण ४८,८००, सगळे ऑनलाइन, आणि खात्यावरचं नाव त्याचं नव्हतंच, "पार्टनरचं आहे" म्हणाला. बिल म्हणून एक चिठ्ठी, त्यावर नुसतं "पूल काम". जुना पार्ट दाखव म्हणावं हे सुचलंच नाही. तुम्ही मात्र मागा, आणि हातात घेऊन बघा.

पाणी मात्र थांबलं. मी खूश! भिंतीवर पांढरा डबा, त्यात हिरवा लाइट लुकलुकतोय. पण पाणी थांबलं ते थांबलंच, नंतर भरेचना. १२ दिवसांत लेव्हल ७ सेंटीमीटर खाली, स्किमर हवा ओढायला लागला आणि पंप घरघर करायला लागला. फोन केला तर लगेच, "बघा, लीकेज सांगितलं होतं की नाही? ३५,००० लागतील." वर सल्ला, तोपर्यंत नळाची नळी पाण्यात सोडून ठेवा. हे तर अजिबात करू नका, लाइनचा दाब गेला की पूलचं पाणी उलटं पिण्याच्या लाइनीत ओढलं जाऊ शकतं.

हे ३५ वाचले ते मावसभावामुळे. तो आला आणि पहिल्यांदा झुडपामागची फिलरची चावी बघितली. पूर्ण बंद! त्या बहाद्दराने केलेलं एकमेव काम ते. मग झाकण उघडलं, फ्लोट काढला आणि माझ्या कानाशी हलवला, "ताई, ऐक." आत पाणी डुचमळत होतं. तडा जाऊन फ्लोट भरला होता, तो तरंगणारच नाही, मग व्हॉल्व्ह बंद होणार कसा? व्हॉल्व्हच्या रबरात एक वाळूचा खडा पण रुतला होता, तो नखाने निघाला. फ्लोट आणि वॉशर बदलायला पंधरा मिनिटं लागली, फ्लोटचा स्क्रू फिरवून लेव्हल लावली, संपलं. चावी उघडी असताना धार बादलीत धरून मोजली होती, मिनिटाला ५ लिटर. म्हणजे दिवसाला ७,२०० लिटर मी गटारात सोडत होते.

आणि तो पांढरा डबा? आत ९ व्होल्टची बॅटरी आणि एक लाइट. वायर भिंतीत जाऊन तिथेच संपलेली.

लीकेजचं म्हणाल तर चावी बंद करून पायरीवर बादली ठेवली, आत पूलचंच पाणी बाहेरच्या लेव्हलइतकं, आणि २४ तास थांबलो. दोन्हीकडे ६ मिलिमीटर उतरलं. म्हणजे नुसती वाफ, गळती नाही. फिलर चालू ठेवून ही टेस्ट करू नका, फुकट जाते, तो खरी गळतीसुद्धा महिनोन् महिने लपवतो.

आता तक्रारीचं ऐका. पोलिसांत गेले तर, "पैसे तुम्हीच दिलेत ना, जबरदस्ती केली का? हा दिवाणी मामला आहे." दुसरा म्हणतो, घरात पूल आहे म्हणजे तुम्हाला एवढ्याने काय फरक पडतो, आणि हसतो! अर्ज घेतला, पोच दिली नाही. ग्राहक तक्रारीच्या ऑफिसात पक्कं बिल मागितलं. अहो, पक्कं बिल दिलं असतं तर तो चोर कसला? पुढच्या वेळी तो टेबलवाला रजेवर, त्याच्या पुढच्या वेळी फॉर्मच बदललेला. पाणीपट्टीत सूट मागायला गेले तर मीटरच्या पुढचं सगळं तुमचं. बँक म्हणते व्यवहार तुमच्या संमतीने झालाय. ज्या ॲपवरून त्याला शोधला तिथे माझी तक्रार "समाधानकारकरीत्या निकाली" म्हणून बंद, कुणाचं समाधान झालं देव जाणे. सहा हेलपाटे आणि हातात एक कागद नाही.

त्याचा नंबर अजून चालू आहे. काल नवऱ्याच्या फोनवरून मी लावला आणि एवढंच म्हणलं, पूलचा ऑटो फिलर बंद होत नाहीये. पत्ता नाही, कंपनी नाही, काही विचारलं नाही. तिकडून लगेच, "बोर्ड गेला असेल मॅडम."