सँटोरिनीला विमानानं जायचं की बोटीनं, आणि बोटीनं तर कुठल्या?

मामेबहिणीचा फोन आला होता. मे महिन्यात ग्रीसला चाललेत, ती, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई, आधी अथेन्स मग सँटोरिनी, हॉटेलं बुक झालीत, व्हिसा झालाय आणि आता गाडं एकाच ठिकाणी अडलंय की अथेन्सहून बेटावर जायचं कसं. नेटवर वाचून वाचून डोकं भणभणलंय म्हणाली, एक म्हणतो डोळे झाकून विमान घ्या, दुसरा म्हणतो बोटीनं नाही गेलात तर काय गेलात. मी दोनदा जाऊन आलेय, पहिल्यांदा फास्ट बोटीनं आणि दुसऱ्यांदा मोठ्या बोटीनं जाऊन विमानानं परत, त्यामुळे तिला फोनवर तासभर जे सांगितलं तेच इथे लिहून ठेवतेय, अजून कुणाचं अडलं असेल तर उपयोगी पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकते. बेटावर तीन रात्री किंवा जास्त असाल तर जाताना मोठी बोट आणि येताना विमान. दोनच रात्री असतील तर दोन्हीकडून विमान, विचारच करू नका. अथेन्सहून फास्ट बोट मी तरी परत घेणार नाही.

आता वेळेचं बघू, कारण सगळे तिथेच फसतात. विमान ४५-५० मिनिटांचं, फास्ट बोट साधारण पाच तास, मोठी बोट साडेसात-आठ तास, हे आकडे बघून वाटतं की मग बोटीचा विषयच संपला. पण हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजा. अथेन्सच्या मध्यावरच्या सिंटाग्मा चौकातून मेट्रोनं एअरपोर्टला ४० मिनिटं, दीड-दोन तास आधी पोचायचं, मग विमान, मग बॅगेची वाट, मग बस किंवा टॅक्सीनं ‘फिरा’ नावाच्या बेटावरच्या मुख्य गावात, म्हणजे चार-साडेचार तास कुठेच गेले नाहीत. फास्ट बोटीला असेच साडेसहा-सात होतात आणि मोठ्या बोटीला साडेनऊच्या आसपास. म्हणजे मोठी बोट आणि विमान यात खरा फरक पाचेक तासांचा आहे. हे पाच तास तुम्हाला समुद्रावर घालवायला आवडतील का, एवढाच प्रश्न उरतो.

एक मात्र आहे, भारतातून दुबई, दोहा, इस्तंबूल असं कुठूनतरी येऊन अथेन्सला उतरताय आणि त्याच दिवशी बेटावर पोचायचंय, तर बोटीचा हट्ट धरू नका. मोठी बोट अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सकाळी सातच्या सुमारास सुटते, मोसमात काही दिवस संध्याकाळचीही असते पण ती मध्यरात्रीनंतर पोचवते. अशा वेळी पुढचं विमान घ्या आणि शक्यतो दोन्ही फ्लाइट एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं लेट झालं तर पुढची सोय त्यांनी करायची. अथेन्समध्ये एक-दोन रात्री राहणार असाल तरच सकाळची बोट सोयीची पडते.

मोठी बोट म्हणजे ब्लू स्टार वगैरे कंपन्यांच्या, ज्यांच्या पोटात ट्रक, बस, गाड्या सगळं जातं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० मध्ये रो-रो सुरू झाली ना, ती बोट ग्रीसमध्येच बांधलेली, तर तिचं कितीतरी मोठं, आठ-दहा मजली रूप डोळ्यांपुढे आणा. पिरेयसला मेट्रोच्या हिरव्या लाइननं जाता येतं, २०२२ पासून निळी लाइनही एअरपोर्टवरून थेट तिथपर्यंत गेलीये, स्टेशनातून बाहेर पडलात की बंदर समोरच. बंदर अवाढव्य आहे पण गेटना नंबर आहेत, ई-वन, ई-टू असे, आपलं गेट आदल्या दिवशी बघून ठेवायचं. आणि एक लक्षात ठेवा, बोटीवर, बोर्डावर, तिकिटावर बऱ्याचदा सँटोरिनी लिहिलेलंच नसतं, थिरा लिहिलेलं असतं, ते त्या बेटाचं ग्रीक नाव. मी पहिल्यांदा पाटी बघून दोन मिनिटं जागीच उभी राहिले होते.

आत शिरायचं ते गाड्यांच्या रॅम्पवरूनच. बाजूला रॅक असतात, त्यावर बेटांची नावं, आपल्या बेटाच्या रॅकवर बॅग ठेवायची आणि पासपोर्ट, औषधं, पैसे हातातल्या पिशवीत घेऊन वर जायचं. बॅगेचं वजन कुणी करत नाही, हे आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाचं, मेतकूट, लाडू, चकल्या, छोटा कुकर काय न्यायचं ते न्या. वर कॅफे आहे, बर्गरचं दुकान आहे, शाकाहारी असाल तर पालक आणि चीज भरलेला स्पॅनाकोपिटा मिळतो, पण मी बंदरावरच तिळाची गोल कडी घेते, कुलूरी म्हणतात तिला, आणि घरची चटणी. थंड फ्रेडो कॉफी हातात घेऊन मागच्या डेकवर बसलं की तासन् तास निघून जातात. साध्या डेक तिकिटाला जागा ठरलेली नसते, लवकर चढलात तर खिडकीशी टेबल मिळतं, नाहीतर थोडे युरो जास्त देऊन नंबरची सीट घ्या, म्हातारं माणूस बरोबर असेल तर घ्याच.

वाटेत पारॉस आणि नॅक्सॉस या बेटांवर थांबते. बोट उलटी फिरून धक्क्याला मागची बाजू लावते, साखळ्यांचा खडखडाट, रॅम्प खाली, आणि दहा-पंधरा मिनिटांत शेकडो माणसं, ट्रक, स्कूटर उतरतात आणि तितकेच चढतात, काठीवाले आजोबा, टोमॅटोच्या पेट्या, कुत्रं, सगळं. वरून बघत राहावं असं असतं ते. विमानात हे काहीच नसतं.

आणि शेवटचा अर्धा तास, त्यासाठीच तर मी सगळ्यांच्या मागे लागते. सँटोरिनी म्हणजे फुटलेल्या ज्वालामुखीची कड आहे, साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रचंड स्फोट झाला, बेटाचा मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. बोट उत्तरेकडून येते आणि ईआ गाव आणि समोरचं थिरासिया बेट यांच्या मधल्या फटीतून त्या खड्ड्यातच शिरते. (लिहिताना ओइआ लिहितात, म्हणताना ईआ.) डाव्या बाजूला उभं राहायचं, विसरू नका, डावीकडे ईआ, मग इमेरोविग्ली, मग फिरा. लाल, काळा, राखी असे थर असलेला सरळसोट कडा, काही ठिकाणी तीनशे मीटरचा, आणि त्याच्या माथ्यावर पांढरं काहीतरी सांडल्यासारखं दिसतं, आधी वाटतं बर्फ आहे की काय, मग जवळ आल्यावर कळतं घरं आहेत. माझी आई रेलिंगला धरून उभी होती, नुसतं अगं बाई अगं बाई चाललं होतं तिचं, नंतर हॉटेलच्या गच्चीतून तेच दृश्य वरून बघताना म्हणाली खालून बघितलं नसतं तर हे कळलंच नसतं. मला तिचं पटतं. वरून समुद्र सुंदर दिसतो पण आपण कशाच्या काठावर उभे आहोत ते खालून येतानाच कळतं.

उतरल्यावर मात्र अथिनिओस बंदरावर धांदल असते. जागा अरुंद, एकाच वेळी हजारभर माणसं, गाड्यांचे हॉर्न. हॉटेलची गाडी आधी सांगून ठेवलीत तर बरं, नाहीतर बोटीच्या वेळेला केटेलची बस उभी असते, ती वळणावळणानं घाट चढून फिराला नेते, तिकीट बसमध्येच, ईआला जायचं तर फिराला बस बदलायची.

आता फास्ट बोट. ऐकायला छान, अर्ध्या रस्त्यावरचा पर्याय. पण बऱ्याचशा फास्ट बोटींना उघडा डेकच नसतो, पाच तास बसच्या सीटसारख्या सीटवर आत बसून राहायचं, काचेवर खारं पाणी वाळलेलं, बाहेरचं धड दिसत नाही. आणि वारा. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेचा मेल्टेमी वारा सुटतो, ऊन लख्ख आणि समुद्र खवळलेला, तेव्हा हलक्या बोटी जबर आपटतात. आम्ही जुलैत गेलो होतो, नॅक्सॉसच्या पुढे निम्मा डबा पिशव्या हातात घेऊन बसला होता, कर्मचारी टिश्यू वाटत फिरत होते, नवऱ्याला उतरल्यावर संध्याकाळपर्यंत अन्न गेलं नाही. वाऱ्याचा जोर वाढला की बोटी सोडायला बंदी घालतात आणि त्यात फास्ट बोटी आधी थांबतात. आमची परतीची तशीच रद्द झाली, त्याच रात्री अथेन्सहून मुंबईचं विमान होतं, शेवटच्या दोन सीटा मिळाल्या म्हणून सुटलो, आणि त्या किती महाग पडल्या ते अजून आठवतं. बोटीचे पैसे नंतर परत आले, पण त्या सकाळी पोटात आलेला गोळा कोण परत घेणार.

म्हणूनच म्हणते, जाताना उशीर झाला तर फार तर हॉटेलची एक संध्याकाळ जाते, येताना उशीर झाला तर घरचं विमान जातं. विमानंही वाऱ्यानं, संपानं रखडतात, हे खरं, तरी दिवसाला बरीच असतात आणि सोय लागते. शिवाय परतीची फ्लाइट सुटायच्या दिवशी तरी अथेन्सला पोचायचा घोळ ठेवू नका, आदली रात्र अथेन्सलाच काढा. १ मेला बोट अजिबात धरू नका, कामगार दिनाला खलाशांचा संप असतो बहुतेक दरवर्षी.

फास्ट बोटीचा उपयोग बेटाहून बेटाला. क्रीटच्या हेराक्लिओनहून दोनेक तासात सँटोरिनी, मिकोनॉसहून दोन ते तीन तास, तिथे ती घ्या, विमानाला बहुतेकदा अथेन्सचा वळसा पडतो.

पैशाचं म्हणाल तर मी बघितलं तेव्हा मोठी बोट ५० युरोच्या आसपास, फास्ट ८० ते १००, विमान मे महिन्यात लवकर काढलं तर बोटीइतकंच आणि ऑगस्टमध्ये दीडशेच्याही वर. पण स्वस्त विमान तिकिटात फक्त हातातली बॅग असते, चार माणसांच्या चेक-इन बॅगा जोडल्या की हिशोब पालटतो. ५ ते १० वर्षांच्या मुलांना बोटीत साधारण अर्धं तिकीट लागतं.

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी बघून घ्या, ऑक्टोबर संपता संपता फास्ट बोटी बहुतेक बंद होतात, मोठी बोट वर्षभर असते.

क्रूझचं पण विचारतात. क्रूझचं जहाज फिराच्या खाली समुद्रात उभं राहतं, छोट्या बोटीनं जुन्या बंदरावर आणतात, वर जायला केबल कार नाहीतर ५८८ पायऱ्या. हातात जेमतेम पाच-सहा तास, त्यातला बराचसा केबल कारच्या रांगेत, आणि जुलै २०२५ पासून उन्हाळ्यात उतरायला माणशी २० युरो कर. ग्रीसला जाऊन सँटोरिनीत एक रात्र नाही राहायची तर मला तरी जिवावर येईल. आणि कुठूनही आलात तरी त्या पायऱ्यांवर गाढवावर बसू नका हो, भर उन्हात दिवसभर चढ-उतर करतात बिचारी, २०१८ मध्ये त्यांच्यावरच्या वजनाचा नियम करावा लागला सरकारला.

बहिणीची खरी काळजी सासूबाईंची होती, गुडघे दुखतात, बोट लागेल का. मी म्हटलं, गुडघ्यांना विमानापेक्षा मोठी बोट बरी, पाय मोकळे करायला कितीही फिरा, ब्लू स्टारच्या मोठ्या बोटींत वर जायला सरकता जिना असतो, बाथरूम जवळ असते. मेमध्ये वारा सहसा बेताचा असतो, तरी निघायच्या एक-दोन तास आधी अ‍ॅव्होमिन द्या आणि पर्समध्ये आलेपाकाच्या वड्या ठेवा, मधल्या मजल्यावर बोटीच्या मध्यभागी सीट घ्या, तिथे हलणं कमी जाणवतं.

काल रात्री तिचा मेसेज आला, जाताना सकाळची मोठी बोट, नंबरच्या सीटा, येताना दुपारचं विमान आणि अथेन्सला एक रात्र. खाली विचारलंय, डावी बाजू म्हणजे तोंड कुठे करून डावी? तर बोटीच्या नाकाकडे तोंड करून, आणि नॅक्सॉस सुटून दीड तास झाला की सासूबाईंना घेऊन डेकवर जा, तिथल्या खुर्च्या तोपर्यंत भरायला लागतात.