डेटा एन्ट्रीचं काम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली 'कोर्टाची नोटीस'

पुण्यात शिकत असताना हातखर्चासाठी काम शोधणाऱ्या मुलामुलींनी हे जरूर वाचावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

कॉलेजच्या 'कमवा व शिका' योजनेत मला ग्रंथालयाचं काम होतं. पुस्तकांना बारकोड चिकटवायचे, परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावायची. मानधन तासावर, तेही तुटपुंजं आणि महिना उलटून गेल्यावर जमा होणारं. मेसवाले काका तेवढं थांबत नाहीत. अशात घरबसल्या डेटा एन्ट्रीची जाहिरात दिसली आणि मी ग्रंथालय सोडलं.

त्यांनी नोंदणी फी मागितली नाही, त्यामुळे संशय आला नाही. आधार कार्ड, फोटो आणि करारनाम्यावर सही मात्र आधीच घेतली. काम म्हणजे अंधूक स्कॅन केलेले फॉर्म बघून जसेच्या तसे टाइप करायचे. शून्य आहे की इंग्रजी ओ, हे डोळे फोडून बघितलं तरी कळत नाही, आणि एक स्पेस जास्त पडली तरी चूक धरतात. मुदतीच्या शेवटच्या दिवशी तर पोर्टल उघडेचना. लगेच मेसेज आला: अचूकता ९० टक्क्यांच्या खाली, करारभंग झाला, दंड भरा. हे काम कुणाला जमूच नये असंच बेतलेलं असतं. त्यांची कमाई या दंडातूनच होते.

मग 'वकील साहेबां'चा फोन. पाठोपाठ व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस: वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का आणि शेजारी माझीच सही कापून चिकटवलेली. संध्याकाळपर्यंत पैसे भरा, नाहीतर गावी घरी पोलीस येतील, असा दम. बाबांना काय वाटेल या धास्तीने मी पैसे पाठवले. तर दुसऱ्याच दिवशी 'केस मागे घेण्याची फी' मागितली.

वसतिगृहातल्या, लॉ करणाऱ्या एका ताईने ती नोटीस वाचली आणि समजावून सांगितलं. काम पूर्ण झालं नाही, एवढा वाद दिवाणी असतो. तेवढ्यावरून पोलीस अटक करत नाहीत. खऱ्या खटल्याला क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तपासता येतो. आणि कोर्ट कुणाच्या यूपीआयवर पैसे मागत नाही. तिनेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावून तक्रार नोंदवून दिली.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी स्वावलंबनाचं शिक्षण ज्या महाराष्ट्रात रुजवलं, तिथे कॉलेजांनी 'कमवा व शिका'च्या कामाचं मानधन वाढवावं आणि वेळेवर द्यावं. ते रखडलं की मुलं अशा जाहिरातींकडे वळतात. तरीही आज निवड करायची झाली, तर मी कॉलेजातलंच काम घेईन. पैसे अडले, तर कुणाच्या टेबलासमोर उभं राहायचं हे तिथे माहीत असतं. त्या 'कंपनी'चा करारावरचा पत्ताच खोटा निघाला.

ज्यांना अशी नोटीस आली असेल, त्यांनी एक रुपयाही पाठवू नये. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम गोठवणं अवघड. चॅट डिलीट करू नका, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेवा. आणि त्यांचा फोन घरी जाण्याआधी आईबाबांना तुम्हीच सांगा.