लॅक्स्टनची शिवारफेरी : बडोद्याच्या एका सहल-आयोजकाच्या सेवेचे परीक्षण

लेस्टरला मुलाबाळांकडे जाणाऱ्या बडोदेकरांसाठी दांडिया बाजारातील एका सहल-आयोजकाने नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या खेड्याची एक दिवसाची सहल ठेवली आहे. ज्यांना इंग्लंडचे शेतकरी-जीवन समजून घ्यायचे आहे त्यांनी ती अवश्य घ्यावी, असे माझे मत आहे, कारण या गावात पाहण्याजोगे आहे ते मुख्यतः जुन्या पद्धतीने, कुंपणांविना सामाईकपणे कसले जाणारे शिवार.

एकेकाळी मध्य इंग्लंडमधील असंख्य गावांभोवती अशीच दोन-तीन अफाट शेते असत. त्यांना आतून कुंपण नसे आणि प्रत्येक शेतकऱ्याचे पट्टे त्यांत विखुरलेले असत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत कुंपणे घालण्याचे कायदे होत गेले आणि ही पद्धत जवळजवळ सर्वत्र मोडली. लॅक्स्टनमध्ये ती आजही चालते. वेस्ट फील्ड, साउथ फील्ड आणि मिल फील्ड यांपैकी एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातले पीक आणि तिसऱ्याला विसावा किंवा चारा, असा फेरा आळीपाळीने फिरतो.

मार्गदर्शक बाईंनी आम्हाला आधी मार्क पिअर्स याने 1635 मध्ये काढलेल्या गावाच्या नकाशाची प्रत दाखवली आणि मगच शेतात नेले, हा क्रम मला फार आवडला. मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यात एकेक पट्टा नोंदलेला असून नांगर हाकणारी माणसेही चितारलेली आहेत. गव्हाच्या शेतात दोन पट्ट्यांमध्ये आपल्याकडे असतो तसा बांध नाही, जमिनीत ठोकलेला साधा लाकडी खुंट आहे. नोव्हेंबरच्या अखेरीस गावचे पंच शेत फिरून हे खुंट तपासतात, आणि कोणी हद्द ओलांडून नांगरले असेल तर पुढे ‘कोर्ट लीट’ म्हणजे जमीनदारी काळापासून चालत आलेले गावचे न्यायालय भरवून त्याला दंड करतात. जिथे नांगर पोहोचत नाही अशा उतारांवर आणि ओलसर खोलगट भागांत गवत राखलेले असते. शेतकऱ्यांची घरे मात्र शेतात नसून गावरस्त्याच्या दोन्ही कडांना आहेत आणि त्यांच्यामागे लांबट, अरुंद परडी पसरलेली आहेत.

आपल्याकडे 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने विखुरलेल्या जमिनी एकत्र करण्याचा प्रयत्न झाला. तिथे मात्र विखुरलेपण जपले गेले. 1952 मध्ये जमीनदार घराण्याने गाव सरकारला विकले, 1981 मध्ये ते क्राउन इस्टेटकडे, म्हणजे राजघराण्याच्या नावावरील मालमत्ता सांभाळणाऱ्या संस्थेकडे, गेले आणि 2020 मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे आले, तरी पट्टे टिकले. याविषयी बाईंनी शेतकऱ्यांच्या बाजूने, तळमळीने सांगितले.

उणीव सांगायची तर आयोजकाने जेवणाला इतका वेळ दिला की गावाच्या उत्तरेकडील नॉर्मन (1066 मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्यांच्या) काळातील किल्ल्याचा मातीचा उंचवटा घाईत उरकावा लागला. शिवाय चिखलात चालायचे आहे आणि उंच रबरी बूट हवेत, ही सूचना निघण्यापूर्वी द्यायला हवी होती. आयोजकाने किल्ल्यासाठी तासभर राखून ठेवला, तर दिलेले पैसे पुरेपूर वसूल होतील.