आई-बाबांसोबत चालायला: माथेरान की बोरिवली?

मावसभावाचा प्रश्न होता: आई-बाबा सत्तरीचे, गुडघे कुरकुरणारे, पण झाडं-पाणी बघत चालायची हौस दांडगी. न्यायचं कुठे?

आधी पायाखालचं. माथेरानात दस्तुरीच्या, म्हणजे वेशीवरच्या नाक्याच्या, पुढे खासगी गाड्यांना बंदी, त्यामुळे हॉर्न नाही. जांभ्याची लाल वाट सावलीतून शार्लोट तलावापर्यंत जाते, जवळच पिसारनाथाचं देऊळ आहे. चढ सौम्य, पण मोकळे दगड आणि घोड्यांची लीद चुकवावी लागते. पावसाळ्यात तीच माती घसरते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांपर्यंतचा रस्ता डांबरी आहे, काठी टेकत चालणाऱ्याला तो बरा. मात्र लेण्यांपाशी पायऱ्या आहेतच.

पाण्याच्या बाबतीत माथेरान सरळ पुढे. तलावाच्या काठावर बसता येतं. बोरिवलीत तुळशी आणि विहार हे तलाव उद्यानाच्या हद्दीत असले, तरी मुंबईला पाणी पुरवणारे; तिथे असं सहज फिरता येत नाही. तिथली मजा पावसाळ्यातली: दहिसर नदी खळाळते आणि कान्हेरीच्या कातळात खोदलेली जुनी टाकी भरतात. पाण्याची इतकी नेटकी सोय आपल्या सोसायट्यांनाही जमलेली नाही!

खर्चात बोरिवलीला तोड नाही. लोकल, तिकीट, घरचा डबा, झालं. माथेरानला नेरळहून टॅक्सी, मग प्रवेशकर, आणि मुक्काम केलात तर खोलीचं भाडं. बोरिवलीला सोमवारी मात्र जाऊ नका, उद्यान बंद असतं.

अर्धाच दिवस हाताशी असेल तर बोरिवली. दोन दिवस निवांत काढायचे असतील तर माथेरान, तेही दिवाळीनंतर, शनिवार-रविवार टाळून. परतताना पाय बोलले, तर दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनपर्यंत छोटी रेल्वेगाडी आहे.