द कीव्ह इंडिपेंडंट : वाचकांच्या वर्गणीवर उभे असलेले युद्धवार्तांकन

युक्रेनमधील युद्ध समजून घेण्यासाठी मी ‘द कीव्ह इंडिपेंडंट’ हे इंग्रजी संकेतस्थळ नियमित वाचतो. संपादकीय स्वातंत्र्यावरून मालकाशी झालेल्या संघर्षानंतर ‘कीव्ह पोस्ट’मधून काढल्या गेलेल्या पत्रकारांनी ते नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू केले आणि 24 फेब्रुवारी 2022 रोजी रशियाने सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. बातम्या सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. खर्चाचा मोठा भार देशोदेशींचे वाचक स्वेच्छेने वर्गणी भरून उचलतात, आणि पत्रकारितेला वाचकांनी दिलेला यापेक्षा मोलाचा प्रतिसाद मला ठाऊक नाही.

या विश्वासाला ते जागतात, असे मी म्हणतो ते ऑगस्ट 2022 मधील एका शोधवृत्तामुळे. देश जीवनमरणाच्या लढाईत असताना त्यांनी युक्रेनच्याच आंतरराष्ट्रीय सैन्यदलातील (युक्रेनसाठी लढणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांच्या दलातील) काही अधिकाऱ्यांच्या गैरवर्तनाचे आरोप तपासून छापले. युद्धगुन्ह्यांचा शोध घेणारे त्यांचे स्वतंत्र पथकही आहे. रशियाच्या सैन्यहानीचे रोजचे आकडे मात्र युक्रेनच्या लष्करी मुख्यालयाचे असतात, म्हणून ते एका बाजूचा दावा समजूनच वाचावेत. मी वर्गणीदार झालो आहे आणि युद्ध संपेपर्यंत तरी राहणार आहे.